चाळीसगावचा टांगा आणि साक्रीचे प्रमाणपत्र

दरवर्षी ३१ जुलैला साक्री, पिंपळनेर, निजामपूर भागातून जीपगाड्या आणि टेम्पो भरून आमची माणसे धुळ्याजवळच्या लळिंगला निघतात. १९३७ साली याच तारखेला न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यात आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून ही गर्दी लोटते. आम्हीही जातो. वंदन करतो, भीमगीते ऐकतो आणि पावसात भिजत परत येतो.

असेच एकदा परतताना शेजारी बसलेल्या साक्रीच्या एका तरुणाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून आम्हाला दाखवले. एक मोबाइल दुरुस्तीचा, दुसरा विजेच्या वायरिंगचा, तिसरा संगणकाचा. तिन्ही प्रमाणपत्रे रंगीत, तिन्हींवर शिक्के आणि सह्या. तो स्वतः मात्र दिवाळीनंतर घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातो. तिन्ही वेळा त्याचा फोटो काढला गेला, अंगठा घेतला गेला, टाळ्या वाजल्या. नोकरी एकदाही लागली नाही. सरकारी हिशेबात मात्र हा एकच मुलगा तीन प्रशिक्षित तरुण म्हणून मोजला गेला असेल!

त्याने आम्हाला विचारले, चूक कोणाची? आम्ही त्या वेळी गप्प बसलो. परंतु घरी आल्यावर आमच्या लक्षात आले की, या प्रश्नाचे उत्तर ज्यांना वंदन करून आपण आलो त्यांच्याच आयुष्यात आहे. बाबासाहेबांचे चरित्र आपण घटनेचे शिल्पकार, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वाचतो, आणि तसेच वाचले पाहिजे. पण हे चरित्र कामाचे शिक्षण आणि कामाचे दार या दोन गोष्टींतल्या अंतराचेही आहे. आज त्याच बाजूने ते पाहू.

सुरुवात वडिलांपासूनच करावी लागते. सुभेदार रामजी सकपाळ इंग्रजांच्या लष्करात होते. लष्कराने त्यांना पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण दिले आणि प्रशिक्षण संपताच लष्कराच्याच शाळेत काम दिले. चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते. एका महार शिपायाला शिकवणाऱ्याचे काम शिकवले गेले, ते काम करायची जागाही मिळाली, आणि त्या एका घटनेने एका घराचा इतिहास बदलला. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावांच्या घरात पुस्तके होती, ती यामुळे. खरे प्रशिक्षण कसे असते याचा हा नमुना आहे. शिकवणारा आणि काम देणारा एकच होता, आणि शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की पुढे आपण कोठे बसणार आहोत.

पण हेच दार नंतर बंद झाले. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा ती उघडली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा मिटली. हात तेच, मनगटातले बळ तेच, बंदूक चालवण्याचे कसबही तेच! बदलला होता तो फक्त दरवाजावर उभा असलेल्या माणसाचा हुकूम.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या वाट्याला हा अनुभव फार लवकर आला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना अमेरिकेत पाठवले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला, तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. त्या काळात एवढे शिकलेली माणसे या देशात बोटांवर मोजण्याइतकीच असतील. म्हणजे प्रशिक्षणाची कमतरता नव्हती, आणि नोकरीही ठरलेली होती. तरी काय झाले? कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकत. राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला माणूस एका झाडाखाली बसून रडला आणि मुंबईला परतला.

मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला चांगला होता. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक तुटले. आजचे कौशल्य विकासवाले सांगतात की तरुणांकडे कौशल्य नाही म्हणून काम नाही. बाबासाहेबांकडे कोणते कौशल्य कमी होते, हे त्यांनी आम्हाला सांगावे!

तरीही बाबासाहेबांनी शिक्षणावरचा आणि कामाच्या प्रशिक्षणावरचा विश्वास सोडला नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये यांच्याबरोबर औद्योगिक व शेतकी शाळा काढून समाजाची आर्थिक स्थिती सुधारणे हेही होते. पुढच्याच वर्षी, जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत, ते मुंबईतील बाटलीबॉय यांच्या हिशेबनीसांच्या प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. वकिली नीट चालत नव्हती आणि घर चालवायचे होते. म्हणजे नोकरीसाठी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत बाबासाहेब स्वतः शिक्षक होते. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत फारशी येत नाही.

आणि ते हिशेब कसा करत? १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी शाळेत किती मुले दाखल झाली एवढेच पाहिले नाही. शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठराच पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरतेत जातात, म्हणजे त्यांच्यावरचा खर्च पाण्यात जातो, हे त्यांनी सभागृहासमोर ठेवले. पुढच्या वर्षी सायमन कमिशनपुढे सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात त्यांनी त्याहून मोठे काम केले. पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधल्या जाती आणि मागासलेले असे वेगवेगळे गट पाडून प्रत्येक पायरीवरचे आकडे मांडले. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले, तर मागासलेल्यांची १८. माध्यमिक शाळेत दर लाखामागे पुढारलेल्यांची ३०००, तर मागासलेल्यांची १४. महाविद्यालयात पोहोचेपर्यंत मागासलेल्यांचा आकडा शून्यावर आलेला!

वाचकहो, हे मूल्यमापन आहे. आत किती गेले हे नव्हे, बाहेर किती आले हे मोजणे. आणि सर्वांची सरासरी न काढता कोण बाहेर आले हे जातवार मोजणे. कारण सरासरीच्या पोटात आमचे शून्य लपून बसते.

१९२८ साली मुंबईच्या कापडगिरण्यांत मोठा संप झाला. गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात होता, आणि त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे, अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, अशी स्पृश्य कामगारांची तक्रार. पिढ्यान् पिढ्या मागावर कापड विणणारी माणसे आमच्या समाजात होती. गिरणीत मात्र त्यांनी कमी पगाराच्या खात्यातच राबायचे. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी विचारले की तुमच्या मागण्यांच्या यादीत विणकाम खाते आम्हाला खुले करण्याची मागणी का नाही? पुढारी कबूल झाले, पण नाखुशीने. म्हणजे कसब अंगात असून उपयोग नाही, मालकाला कामगार हवा असून उपयोग नाही, शेजारी उभा असलेला कामगारच दार अडवून उभा!

आणि मग येते आमच्या खानदेशातली गोष्ट. १९२८ साली सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये समितीच्या कामासाठी ते खानदेशात आले. काम आटोपल्यावर एका गावाने अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते धुळ्याकडे गेले आणि परतताना चाळीसगाव स्टेशनावर उतरले. चाळीसगावच्या समाजबांधवांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला होता. महारवाडा दूर होता, टांगा पाहिजे होता, आणि एकही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यायचे हे आपल्या माणसांना लाजिरवाणे वाटले. शेवटी तडजोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही. लगाम आपल्यापैकीच कोणीतरी धरायचा. ज्याने धरला त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलाशी चाक दगडाला अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी खाली नदीत गेली. बाबासाहेबांचा पाय मोडला. कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. तो आहेच. पण आम्हाला त्यात दुसरेही काही दिसते. लगाम धरणाऱ्या त्या माणसाचे प्रेम खोटे नव्हते, धाडसही कमी नव्हते. त्याला टांगा हाकणे कोणी शिकवले नव्हते, कारण ज्या धंद्यात त्याला कोणी उभे करणार नव्हते तो धंदा त्याने शिकायचा कोठे? दार बंद असले की कसब येत नाही, आणि कसब नाही म्हणून दार बंद ठेवायला निमित्त मिळते. हे चक्र कोठून तोडायचे? नुसते शिकवून तुटत नाही, हे बडोद्याने दाखवले होते. नुसता टांगा हातात देऊन तुटत नाही, हे चाळीसगावने दाखवले. दोन्ही एकदम झाले पाहिजे.

१९३० साली आलेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात म्हणूनच नुसत्या शाळा-वसतिगृहांवर भागवलेले नाही. गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत औद्योगिक शिक्षण घेणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशी जाऊन अभियांत्रिकी शिकण्यासाठी मदत द्यावी, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र मागासवर्ग अधिकारी नेमावा, अशा शिफारशी तिच्यात होत्या. शिक्षण द्यायचे ते कामाच्या ठिकाणी, आणि ते दिले की नाही हे पाहायला जबाबदार माणूस ठेवायचा, हे त्यामागचे सूत्र.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार बाबासाहेबांनी तेथेच मांडला. तो आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या पायऱ्या एकेक करून दाखवल्या होत्या, त्या आपण विसरलो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. तो पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ आडवा येतो. कारखान्यात तो हमाल राहतो, कारागीर होत नाही. नोकरी लागली एवढ्यावर बाबासाहेब समाधान मानत नव्हते. कोणत्या पायरीवर लागली आणि दहा वर्षांनी माणूस कोणत्या पायरीवर आहे, हे ते विचारत होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते. युद्धासाठी कुशल कामगार तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्या आधीच सुरू झाली होती, ती आता त्यांच्या खात्याखाली आली. या योजनेत शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळे, आणि शिकून झाल्यावर दारूगोळ्याचे कारखाने आणि लष्कराची तांत्रिक दले त्याची वाटच पाहत असत. युद्ध संपल्यावर या लाखो हातांचे काय, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९४५ साली त्यांच्याच खात्यात पुनर्वसन आणि रोजगार संचालनालय उभे राहिले. सेवायोजन कार्यालये आणि कामाच्या प्रशिक्षणाची केंद्रे त्यातून आली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेची, म्हणजे आज गावोगावी असलेल्या आयटीआयची मुळे याच व्यवस्थेत आहेत. आयटीआयच्या गणवेशातला मुलगा एसटीची वाट पाहताना दिसला की आम्हाला याची आठवण होते.

याच काळात १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, आणि उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्याआधी १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली होती. इकडे शिकण्याची सोय, तिकडे बसायची जागा. एका हाताने दुसऱ्या हाताला टाळी दिल्याशिवाय आवाज होत नाही, हे त्यांनी आयुष्यभराच्या ठेचांतून शिकले होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण पोट भरण्यासाठी दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता आले पाहिजे. गरीब माणसाला शिकण्याची किंमत मजुरी बुडवून द्यावी लागते, हे ज्याने भोगले त्यालाच असे वेळापत्रक सुचते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्था राहिल्या, आणि त्यांचे प्रश्नही राहिले.

आता साक्रीकडे येऊ. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. पांझरा-कान साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला आणि आमची माणसे दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी ऊस तोडायला जात राहिली. या पठारावर वीज तयार होते. तिच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्यांत दलित आणि आदिवासी घरातली मुले किती, आणि फाटकावर राखणदार किती? मनमाडला विचारलेला हाच प्रश्न आहे. फक्त गँगमनच्या जागी राखणदार आला!

२०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा गाजावाजा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तिचे पितळ उघडे पाडले. लाखो प्रशिक्षणार्थ्यांच्या नोंदीत बँक खात्याच्या जागी शून्ये नाहीतर मोकळी जागा सापडली. अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या शंभरांपैकी सुमारे ४१ जणांनाच काम मिळाल्याची नोंद निघाली. महाराष्ट्राने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. सहा, आठ आणि दहा हजार असे विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढवून अकरा महिने केली. मुदत संपल्यावर काय, हे विचारत मुले रस्त्यावर उतरली.

काही जण म्हणतील, प्रशिक्षण फुकट तर होते, मग तक्रार कसली? फुकट? २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. तीन महिन्यांच्या वर्गात पंचाहत्तर दिवस बुडाले, तर २३ हजार ४०० रुपये त्या माणसाने स्वतःच्या खिशातून घातले. कांदा लावणीच्या हंगामात शिवणकामाच्या वर्गाला बसलेल्या बाईला वर्ग संपल्यावर शिलाई मशीनही मिळाले नसेल, तर त्या वर्गाने तिला काही दिले नाही, तिच्याकडून घेतले.

बाबासाहेब ज्या देशात अर्थशास्त्र शिकले तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गरिबांच्या प्रशिक्षणाची मोठी पारख झाली. सोळा ठिकाणच्या सुमारे वीस हजार अर्जदारांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना प्रशिक्षण दिले, काहींना नाही, आणि अडीच वर्षे दोघांची कमाई ताडून पाहिली. प्रौढ स्त्री-पुरुषांची कमाई थोडीशी वाढली. शाळा सोडलेल्या तरुणांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे एकाच योजनेचे फळ सगळ्यांना सारखे मिळत नाही. पारख केल्याशिवाय ते कळत नाही, आणि पारख करायची तर प्रशिक्षण न घेतलेला माणूसही मोजावा लागतो. शिकलेल्याला काम लागले हे खरे, पण न शिकताही ते लागले असते काय?

म्हणून समाजबांधवांनो, पुढच्या वेळी आपल्या वस्तीत प्रशिक्षणाचा फलक लागला की टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारा. शिकून झाल्यावर काम देणारा कोण, आणि तो आज या मंडपात हजर आहे काय? गेल्या वर्षीच्या तुकडीतली किती माणसे वर्षभरानंतर त्याच कामावर आहेत? त्यांची आताची मिळकत शेजारच्या न शिकलेल्या मजुरापेक्षा किती जास्त आहे? आणि हे सगळे आकडे जातवार आणि स्त्री-पुरुषवार वेगळे कोठे आहेत? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. ग्रामसभा आहे. साक्री विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, त्या जागेवर बसणाऱ्यालाही हे प्रश्न विचारता येतात.

त्या तरुणाला आम्ही आता सांगू शकतो की चूक त्याची नव्हती. तो तीन वेळा शिकला, त्याने आपले काम केले. ज्यांनी त्याला शिकवले त्यांनी दार उघडण्याचे काम केले नाही, आणि कोणी ते मोजलेही नाही. चाळीसगावच्या पुलावर बाबासाहेबांचा पाय मोडला, त्याला आता शंभर वर्षे होत आली. लगाम शिकवणारा आणि टांगा देणारा एकाच वेळी समोर उभा राहिल्याशिवाय आमची माणसे त्या पुलावरून सुखरूप पलीकडे जाणार नाहीत. येत्या ३१ जुलैला लळिंगला जाताना वंदनेच्या फुलांबरोबर आपापल्या गावातल्या प्रशिक्षितांची एक यादीही घेऊन जाऊ या. कोण शिकले, कोण कामावर आहे, कोण ऊसतोडीला गेले. बाबासाहेब असते तर त्यांनी आधी ती यादीच मागितली असती!